बाकी, दात आला का?

२ जून, सोमवार. सकाळी.

नव्या वहीचा आरंभ एका अन्यायाच्या नोंदीने करावा लागतो आहे, याचा खेद आहे. न्हाणीघरातल्या काचेच्या ग्लासात माझ्या ब्रशशेजारी गेले पाच महिने एक बोटभर लांबीचा पिवळा ब्रश उभा आहे. मऊ केसांचा, दांड्यावर हत्ती. त्याला काडीचं काम नाही. ओला होत नाही, झिजत नाही, वाकत नाही. रोज सकाळी माझ्याकडे बघत नुसता उभा. इतकं निवांत मी ऑफिसातही कोणाला पाहिलेलं नाही, आणि आमच्याकडे जाहिरात विभाग आहे.

ज्या तोंडासाठी तो आणला ते तोंड इथे नाही, आणि त्या तोंडात दात नाहीत. ब्रश आहे तर दात नाहीत, अशी नवी म्हण पाडायला हरकत नाही.

पूर्वपीठिका. तोंड आमच्या कन्येचं. नाव ठेवलंय चांगलं पाच अक्षरी, पण मी तिला बोळकी म्हणतो. बारा जुलैला वर्षाची होईल. माझं वय अठ्ठेचाळीस. दोघांचे मिळून दात सत्तावीस, सगळे माझे. जानेवारीत हिला, म्हणजे बोळकीच्या आईला, दुसऱ्या गावच्या रक्तलघवी तपासणीच्या लॅबमध्ये वरची जागा मिळाली. सासूबाईंचं घर तिथेच, बाळाकडे बघायला हक्काचं माणूस. सगळं रीतसर. मी बदली घेऊन दोन महिन्यांत पाठोपाठ जाणार होतो. आमच्या दैनिकाची तिथे कचेरी आहे, एक जागा रिकामी आहे. अर्ज तेवढा करायचा.

संकल्प: १. अर्ज उद्या. २. दात या विषयाचा मुळापासून अभ्यास.

३ जून, मंगळवार

अभ्यास सुरू. संस्कृतात दाताला दंत, रद, रदन, दशन असे चार शब्द चटकन आठवले. शब्द चार, दात एकही नाही.

तळमजल्यावर दंतवैद्य आहेत. त्यांना जिन्यात गाठलं. म्हणाले, काही मुलांना वर्ष होईपर्यंत येत नाहीत, घाबरू नका, सव्वा-दीड वर्ष झालं तर दाखवायला आणा. मग म्हणाले, बाळ कुठंय? मी म्हटलं, बाळ तीनशे किलोमीटरवर आहे. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, मग तुमचेच दाखवून जा.

अर्ज राहिला. विषयाची पकड सुटू नये म्हणून.

५ जून, गुरुवार. दुपारी १.

ऐतिहासिक दिवस. सकाळच्या व्हिडिओ कॉलमध्ये बोळकी हसली आणि खालच्या हिरडीवर, मधोमध, पांढरा ठिपका. स्वच्छ दिसला. स्क्रीनचा फोटोही काढून ठेवला. हिला काही बोललो नाही, तिने आपणहून सांगावं म्हणून.

ऑफिसात संपादकांना सांगितलं, छपाईवाल्यांना सांगितलं, रखवालदारालाही. सगळ्यांना क्रीमची बिस्किटं वाटली. संपादक म्हणाले, अभिनंदन, आता लेख चार वाजेपर्यंत द्या.

दुपारी ३.

हिला फोटो पाठवला. उत्तर आलं: भाताचं शीत आहे ते. पुसलं.

शितावरून भाताची परीक्षा करणारे पुष्कळ झाले. शितावरून दाताची करणारा मीच पहिला असणार. रखवालदाराला खरं सांगितलेलं नाही. त्याने तीन बिस्किटं खाल्ली होती.

६ जून, शुक्रवार

हिने फर्मान काढलं. आठवडाभर दात हा शब्द काढायचा नाही. म्हणाली, अहो, उठल्यावर दात, जेवताना दात, मी घरात पाय ठेवते न ठेवते तोच दात. लॅबमध्ये दिवसभर लोक मला रिपोर्ट विचारतात, घरी आल्यावर तुम्ही.

फर्मान मान्य केलं. आपला स्वभाव हट्टी नाही.

९ जून, सोमवार

नियमाचं तंतोतंत पालन. आज विचारलं, तिकडे काही उगवलं का? ही म्हणाली, सूर्य. फोन सासूबाईंकडे दिला.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तिला दोन दिवस ताप होता, आज कामावर गेली नाही. माझे कान टवकारले. तापाचा आणि दातांचा संबंध असल्याचं जुन्या बायका सांगतात. विचारलं, कुणाला, बोळकीला? सासूबाई म्हणाल्या, नाही, तिच्या आईला. म्हणजे त्या दृष्टीने उपयोग नाही.

अर्जाचा कच्चा मसुदा सुरू केला. पहिलं वाक्य फार चांगलं झालंय. सात ओळींचं आहे.

११ जून, बुधवार

आनुवंशिकतेचा विचार सुचला नव्हता, याचं आश्चर्य वाटतं. आक्काला फोन केला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिला सगळं आठवतं. म्हणाली, तू दीड वर्षाचा होईस्तोवर बोळका होतास, पाव चहात बुडवून चोखायचास. आईला काळजी होती का, विचारलं. म्हणाली, आईला कसली, तिला वेळ कुठे होता. काळजी बाबांना. ते तेव्हा लांब पुलाच्या बांधकामावर. दर पत्रात शेवटची ओळ तीच, बाकी धाकट्याला दात आले का. आई ती ओळ मोठ्याने वाचायची आणि पत्र डब्यात टाकायची.

मग म्हणाली, तुला दात आल्याचं बाबांना पत्राने कळवलं, तर त्यानंतर दोन महिने पत्रच आलं नाही बघ.

म्हणजे उशिरा दात येणं घराण्यातच आहे. निदान झालं. काळजी मिटली. आक्काला धन्यवाद दिले, ती म्हणाली, तू कधी जाणार तिकडे? मी म्हटलं, अर्ज चालू आहे.

१२ जून, गुरुवार

इथे माझ्या उपजीविकेचं गुपित नोंदवायला हवं. आमच्या शनिवारच्या पुरवणीत ‘मावशीला विचारा’ हे सदर येतं. पालकांनी मुलांविषयी विचारायचं, मावशीने सांगायचं. मावशी सहा वर्षं मी आहे. वैद्यकीय प्रश्न असला की बालरोगतज्ज्ञांना फोन करतो, बाकीचा जिव्हाळा माझा. ऑफिसात सगळे मावशीच म्हणतात. शेजारच्या टेबलावरची उपसंपादक मुलगी तर पहिल्या दिवसापासून. तिला मी टाचणी म्हणतो. बारीक आहे आणि बोलते तेव्हा टोचते.

आजच्या डाकेत एक ईमेल. खाली सही, एक त्रासलेली आई. पत्र असं: माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे, त्याला दात नाहीत. मला त्याची काळजी नाही. त्याचे बाबा लांब गावी असतात, रोज फोनवर फक्त दातांचं विचारतात. मला ताप आला होता, तो उतरला का हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. इकडे यायचा अर्ज करतो म्हणतात, करत नाहीत. मावशी, मी काय करू?

कसले कसले नवरे असतात. वाचून मन विषण्ण झालं. क्षणभर आमच्या घराशी साम्य वाटलं, पण प्रकरण सर्वस्वी भिन्न आहे. त्यांचा मुलगा आहे, आमची मुलगी.

दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. पत्र पुरवणीला घेतलं.

हिला फोनवर सांगितलं की आज एक विलक्षण पत्र आलंय. वाचूनही दाखवलं. हिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, मावशी काय उत्तर देणार? मी म्हटलं, मावशी कुणाची भीड ठेवत नाही. म्हणाली, बघू.

१८ जून, बुधवार

चार दिवस मावशीच्या उत्तरावर घालवले. अर्ज त्यामुळे मागे पडला, पण परदुःख शीतल असलं तरी टाळता येत नाही. आज पूर्ण केलं. टाचणीने वाचलं आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. कागद परत देताना म्हणाली, मावशी, हे तुम्ही लिहिलंय? मी म्हटलं, मग कोणी? म्हणाली, काही नाही.

२१ जून, शनिवार

उत्तर छापून आलं. शब्दशः उतरवून ठेवतो, कारण चांगलं झालंय.

‘ताई, दातांना उशीर झाला तरी बहुतेक मुलांना ते येतात. दीड वर्षापर्यंत एकही दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आता तुमच्या यजमानांविषयी. त्यांना दातांची चिंता आहे असं मला वाटत नाही. माणसाला ज्याची भीती असते ते तो विचारत नाही, त्याच्या शेजारचं विचारतो. त्यांना एकदा शांतपणे विचारा, तुम्हाला इथे यायचंय की नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.’

संपादक म्हणाले, छान. एका वाचकाने फोन करून रडून घेतलं. बोळकीला मोठी झाल्यावर दाखवावं असं कात्रण.

२२ जून, रविवार. सकाळी ११.

हिचा फोन. बोळकी झोपली होती. मी म्हटलं, कशी आहेस, बाकी दात आला का? आठवडा उलटून गेलाय, फर्मानाची मुदत संपली, म्हणून विचारलं.

ही म्हणाली, तुम्हाला इथे यायचंय की नाही?

वाक्य नेटकं होतं. कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. सदराचा प्रभाव किती दूरवर पोचतो, ते पाहून समाधान वाटलं. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला, यायचंच आहे, अर्ज होतोच आहे, मसुदा पाच पानांवर गेलाय. ती काहीच बोलली नाही. मी म्हटलं, हॅलो. म्हणाली, मी आहे. पुन्हा गप्प. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मी हवा कशी आहे ते विचारलं. म्हणाली, मी फोन ठेवणार नाहीये.

अकरा मिनिटं. मग माझ्या फोनची बॅटरी गेली.

(सत्तर टक्के होती. पण बॅटरीचा काय भरवसा.)

२५ जून, बुधवार

हिला कालपासून फोन नीट धरता येत नाही. बोळकीचं नुसतं कपाळ दिसतं, फार तर भुवया. कपाळ उत्तम आहे, पण मला कपाळात रस नाही. जरा खाली धर म्हटलं तर बोळकीने फोन ढकलला म्हणते. दाताचं विचारलं तर म्हणते, बघू या. आवाज मात्र मऊ आला आहे. बावीस तारखेचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मीही नाही.

दुपारी टाचणी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, मावशी, तिकडच्या जागेसाठी तीस तारीख शेवटची. माझी आई तिथे एकटी असते, मला जायचंय. पण तुम्ही करताय, तर मी करत नाही. तुमचं बाळ आहे तिथे. मी म्हटलं, करतोच आहे. म्हणाली, कधी? मी म्हटलं, संस्करण चालू आहे. ती म्हणाली, मावशी, अर्ज दोन ओळींचा असतो.

नव्या पिढीला भाषेची हौस नाही.

२९ जून, रविवार

दिवसभर घरी. अर्ज पूर्ण, सहा पानं. वाचून पाहिला. तिकडच्या कचेरीत बातमीदार म्हणून जावं लागेल, हे चौथ्या पानावर लक्षात आलं. मावशी इकडेच राहील. तिथे मी नगरपालिकेच्या सभा करणार, सहाला घरी येणार, आणि घरात हिला, सासूबाईंना आणि बोळकीला पाच महिन्यांत आपापल्या कामाची लय लागलेली असणार. चहा कोणी कधी करायचा, हेही ठरलेलं असेल. त्यात मी कुठे बसायचं?

हा विचार विषयांतर म्हणून खोडला.

दुपारी ब्रश गरम पाण्याने धुतला. धूळ बसते.

३० जून, सोमवार

साडेचारपर्यंत वाट पाहिली. कशाची ते नोंदवता येत नाही. टाचणी तीन वेळा माझ्या टेबलाशी आली, दोनदा पाणी प्यायला आणि एकदा नुसतीच. साडेचारला मी तिला म्हटलं, तू कर. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, अग, तुझी आई एकटी असते. तिने दोन ओळींचा अर्ज लिहिला, सहा मिनिटांत दिला. मी त्यात एक अनुस्वार सुधारला.

या त्यागाचं स्वतःचंच कौतुक वाटलं. हिला सांगितलं नाही. कौतुक सांगून मिळवू नये.

११ जुलै, शुक्रवार

उद्या बोळकीचा वाढदिवस. सकाळच्या गाडीने जातो. बॅग भरली: फ्रॉक, चित्रांचं पुस्तक, हिच्यासाठी शाल, सासूबाईंसाठी चष्म्याची पेटी. तिकडे गेल्यावर तोंडात बोट घालून स्वतः तपासणी करणार. पहिला दात बापाच्या बोटाला लागावा, एवढीच इच्छा आहे.

१२ जुलै, शनिवार. दुपारी, सासूबाईंच्या घरी, सगळे झोपलेत.

ब्रश ग्लासातच राहिला.

दार सासूबाईंनी उघडलं. बोळकी जमिनीवर वाट्यांशी खेळत होती. मी दारातूनच म्हटलं, बोळके. तिचं तोंड उजळलं. आणि ती वळून भरभर रांगत गेली, कपाटाशी, जिथे हिचा फोन चार्जिंगला लावलेला असतो. फोनकडे बोट दाखवून म्हणाली, बा. मी पुन्हा हाक मारली. तिने फोनच्या मागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे बघावं तसं, आणि आजीच्या पदराआड गेली.

तासाभराने जवळ आली, ती पुस्तकासाठी. तेव्हा तोंडात बोट घातलं. ती चावली. कडकडून. खाली दोन, वर एक अर्धा. बोटावर अजून वळ आहे.

मी हिच्याकडे पाहिलं. म्हणाली, पहिला चोवीस जूनला आला. माझ्या तोंडून निघालं, आणि मला सांगितलं नाहीस? ती वाट्या गोळा करत होती. म्हणाली, रोज तुमचा फोन एवढ्यासाठीच येतो. दात आला म्हणून सांगितलं असतं, तर मग तुम्ही काय विचारायला फोन केला असता?

मला आक्काचे शब्द आठवले, दोन महिने पत्र आलं नाही, ते.

म्हणजे फोन कपाळावर होता, तो मुद्दाम.

पाणी प्यायला फ्रिजपाशी गेलो. दारावर चुंबकाने लावलेलं एकवीस जूनचं कात्रण. शेवटचं वाक्य पेनाने अधोरेखित केलेलं. शेजारी पेनानेच बारीक अक्षरात: ११ मि. आणि अकरातले एक असे वाकडे काढायची हिची सवय मी सतरा वर्षं पाहतोय.

ही मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, मावशीचं उत्तर चांगलं होतं. मावशीला सगळं कळतं. मी म्हटलं, पत्रात मुलगा लिहिलं होतंस. म्हणाली, मुलगी लिहिलं असतं तरी तुम्ही ओळखलं नसतं.

मग विचारलं, अर्जाचं काय झालं?

सांगितलं. जागा टाचणीला सोडली, तिची आई एकटी असते. हिने फ्रिजवरचं कात्रण सरळ केलं. मग म्हणाली, केक आणायला जायचंय, येताय का?

गेलो. वाटेत विचारलं, तुझा ताप उतरला होता ना गं? म्हणाली, महिना झाला.

१४ जुलै, सोमवार. संध्याकाळी.

टाचणीच्या बदलीचा कागद आला. एक ऑगस्टला तिकडे रुजू. खण आवरताना म्हणाली, मावशी, घरी काही द्यायचंय का, मी नेते. पत्ता मागून घेतला. पुढची जागा कधी निघेल ते विचारलं, तर कार्यालय म्हणालं, सांगता येत नाही, वर्षभर तरी नाही.

घरी येऊन ब्रश पुसला, कागदात गुंडाळला, वर बोळकीचं पूर्ण नाव लिहिलं. सासूबाईंनी तिकडे एक आणलेला आहे, निळा, वापरून केस पसरलेला. तरी असू दे. ग्लासात माझा ब्रश आता एकाच कडेला कलंडतो.

हिच्या बावीस जूनच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. फोन लावायच्या आधी इथे लिहून पाहतो, खाडाखोड व्हायची ती इथेच होऊ दे.

यायचंय. जागा निघो न निघो. दातांची काळजी मला नव्हती, दात सगळ्यांनाच येतात. सहा महिने मी तिथे नव्हतो आणि तुमचं कुणाचंच काही अडलं नाही, याची आहे. मी सामानासकट दारात उभा राहीन आणि बोळकी पुन्हा फोनकडे बघेल, याची आहे.